जुन्या बोटी बुडत नाहीत, म्हणून बांधणारे बुडाले?

खलाशीबुवा:
गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वी फिरण्याच्या शिडाच्या शर्यतीमुळे लांब कीलच्या (तळाला जवळजवळ पूर्ण लांबीचा कणा असलेल्या) बोटींचा विषय पुन्हा निघाला आहे. नियमच तसा: ३२ ते ३६ फूट, १९८८ पूर्वीचं डिझाइन, रडर (सुकाणू) कीलच्या मागच्या कडेला जोडलेलं. २०२२ला सुटलेल्या शर्यतीत अभिलाष टॉमी रस्लर ३६ ही बोट घेऊन दुसरे आले. असं काही झालं की तेच रडगाणं सुरू होतं: लोकांना समुद्र नको, तरंगता फ्लॅट हवा, म्हणून चांगले बांधणारे संपले.

मला हे पटत नाही. या कारखान्यांना त्यांच्याच जुन्या मालाने मारलं. लाकडी बोट कुजते, दर थोड्या वर्षांनी कलाफत (फटी बुजवणं) मागते आणि शेवटी नवी घ्यायला लावते. फायबरग्लासचं हल (बोटीचं बाहेरचं कवच) कुजत नाही. अमेरिकेतल्या पिअर्सन कंपनीची २८ फुटी ट्रायटन १९५९ला आली, तिच्या कितीतरी बोटी आजही पाण्यात आहेत. इंजिन, शिडं आणि रिगिंगच्या तारा बदलल्या की पुढची पंधरा वर्षं निघतात. पिअर्सन मात्र १९९१लाच बंद पडली. तीच बोट नव्याच्या मानाने कवडीमोल भावात मिळत असेल तर नवीची ऑर्डर कोण देणार?

दोनरडर:
साफ असहमत. १९९१चा दाखला देता आणि अमेरिकेतला चैनीच्या वस्तूंवरचा कर विसरता? जानेवारी १९९१पासून बोटीच्या किमतीतल्या एक लाख डॉलरवरच्या रकमेवर १० टक्के. १९९३मध्ये रद्द केला, पण तोवर मंदी आणि कर मिळून बोटी बांधणारी बरीच यार्डं गारद झाली होती.

दुसरं, लांब कील मरीनात घेऊन दाखवा. रिव्हर्स टाकलात की उजव्या फिरकीचा पंखा बोटीचं ढुंगण डावीकडे ओढतो, रडरवर पाण्याचा झोत पडत नाही आणि एवढी लांब कील वळायला तयार नसते. आडवा वारा असला की शेजारच्याच्या रेलिंगला सलाम. गिऱ्हाईक मूर्ख नाही.

जे बदलले ते टिकले. स्वीडनमधल्या एलोसची हॉलबर्ग-रॅसी कंपनी बघा. टीक (सागवान) आणि महॉगनीचं काम तसंच, पण खाली फिन कील (आखूड, माशाच्या परासारखी) आणि ४४ या मॉडेलला चक्क दोन रडर. अमेरिकेतल्या हिंकलीने १९९४ला पाण्याच्या जेटवर चालणारी पिकनिक बोट काढली आणि त्यावर घर चालवलं.

रेझिनवाला:
दोघंही बांधणीबद्दल बोलत नाही आहात. जुन्या पद्धतीत प्रत्येक बल्कहेड (आतली आडवी भिंत) हलला आतून फायबरग्लासच्या पट्ट्यांनी दोन्ही बाजूंनी सांधतात. तासन्‌तास अंग आकसून करायचं काम. नव्या पद्धतीत आतला सगळा सांगाडा एका साच्यात वेगळा काढतात, क्रेनने हलमध्ये उतरवतात आणि चिकटवतात. माणसांचे तास तिथेच वाचतात.

मग बिघडतं कुठे? फिन कील खडकाला धडकली की तिची मागची कड वर ढकलली जाते आणि नेमका तिथला सांगाडा हलपासून सुटतो. वरून काही दिसत नाही. चिकी राफिकी ही शिडाची बोट २०१४ला अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली आणि चौघं गेले. ब्रिटिश तपास अहवालात आधीच्या आपटण्यांचा आणि सांगाडा सुटण्याचा मुद्दा आहे. जुनी बोट घेताना प्लास्टिकच्या हातोडीने सांगाड्यावर ठोकत जा. खणखणीत आवाज एकदम बद्द झाला तर तिथे सुटलंय. कील बोल्टच्या वॉशरभोवती तडे किंवा गंजाचे ओघळ दिसले की व्यवहार थांबवा.

खलाशीबुवा:
म्हणजे माझंच म्हणणं झालं की! जुनं ते दणकट, म्हणूनच...

रेझिनवाला:
थांबा. जुन्यांचं कौतुक अर्धंच करा. कीलच्या पोटात शिसं असेल तर उत्तम, पण लोखंड असेल आणि आपटून पाणी शिरलं तर ते गंजून फुगतं आणि कील आतून फाडतं. काहींनी चेनप्लेटा (डोलकाठीच्या तारा बोटीला जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) फायबरग्लासमध्येच गाडल्या. हवा न मिळाल्याने स्टेनलेस आतल्या आत खाल्लं जातं आणि डोलकाठी पडेपर्यंत कळत नाही. टीक डेकचं तर विचारूच नका, शेकड्यांनी स्क्रू डेकमधल्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) गाभ्यात. एकेक भोक म्हणजे एकेक नळ.

दोनरडर:
यावर उपाय?

रेझिनवाला:
भोक मोठं करायचं, पण खालची कातडी फोडायची नाही. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आजूबाजूचा बाल्सा सेंटीमीटरभर कोरून काढायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. भोक आधीच आरपार असेल तर खालून टेप, वरून आधी पातळ इपॉक्सी, मग सिलिका घालून घट्ट केलेलं. वाळल्यावर त्यातून नवं भोक. घाई केली आणि ओल आत कोंडली तर सगळी मेहनत पाण्यात.

हिशोबनीस:
कर, कील, बाल्सा सगळं खरं, पण यार्ड मरतं ते रोकडीने. समजा साच्यांना १ कोटी लागले आणि वर्षाला ४ बोटी विकल्या. पाच वर्षांत साचा फेडायचा तर दर बोटीवर ५ लाख, व्याज वेगळं. वर्षाला ४०० बोटी काढणाऱ्याला तोच बोजा पाच हजारांचा.

त्यात गिऱ्हाईक हप्त्यांनी पैसे देतं: करार, हल, डेक, इंजिन, पाण्यात उतरवणं. हात आखडला की नव्या माणसाच्या आगाऊ रकमेतून आधीच्या बोटीचं इंजिन येतं. एक ऑर्डर रद्द झाली की साखळी तुटते. त्यातच एखादी बोट गाजली की संपलंच. ब्रिटनच्या ऑयस्टर कंपनीची ८२५ मॉडेलची बोट २०१५ला स्पेनजवळ बुडाली आणि २०१८च्या सुरुवातीला कंपनीचा ताबा दिवाळखोरीतल्या प्रशासकांकडे गेला. नंतर नवा मालक आला म्हणून वाचली. ऑर्डर देणाऱ्याने करारात लिहून घ्यावं: हप्ता भरला की हल आणि सुटे भाग माझे, आणि प्रत्येक भागावर माझ्या बोटीचा क्रमांक. नाहीतर दिवाळखोरीत अर्धवट बोट यार्डाची आणि तुम्ही येणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी.

मांडवीपलीकडे:
साच्याचा खर्चच नको असेल तर गोव्यात बघा. दिवाडीवरच्या यार्डाने म्हादेई बांधली, ५६ फूट, डच डिझाइन. लाकडी पट्ट्यांचा गाभा, आतबाहेर फायबरग्लास, एकाच बोटीसाठी महागडा साचा नाही. २००९ला नौदलाकडे गेली, दिलीप दोंदे तीत एकट्याने पृथ्वी फिरून आले. २०१७ला त्याच यार्डाची तारिणी. पहिली गोल्डन ग्लोब जिंकणाऱ्या, मुंबईत सागवानात बांधलेल्या सुहैलीचा वारसा बघता हे इथं व्हावं यात नवल नाही.

हिशोबनीस:
बांधणी छानच. पण या दोन्ही बोटींचं गिऱ्हाईक नौदल. खाजगी माणसाला तीच बोट विकून दाखवा, मग बोलू.

मांडवीपलीकडे:
आधी त्या खाजगी माणसाला ती बांधायला जागा आणि रात्री सुरक्षित उभी करायला मरीना द्या. गिऱ्हाईक त्यानंतर मोजू.

खलाशीबुवा:
आणि मरीना झाला की लांब कील रिव्हर्समध्ये कशी घ्यायची ते दोनरडर शिकवतील.