वॅक्स की सीलंट? काळी गाडी, दिवसभर उन्हात

उन्हातलीगाडी
मंडळी, प्रश्न सरळ आहे पण सरळ उत्तर कुठेच मिळेना म्हणून इथे विचारतोय. गाडी काळी मेटॅलिक, तीन वर्षं जुनी, रंग कंपनीचाच, कुठेही परत रंगवलेली नाही. शेड नाहीये. दिवसभर ऊन, आणि रात्री जिथे लावतो तिथे वर झाड, झाडावर पाखरं, पुढचं सांगायला नको. दर पंधरा दिवसांनी मी स्वतः धुतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

मागच्या वेळी डबीतलं पेस्ट वॅक्स लावलं होतं, डबीवर मोठ्या अक्षरात १०० टक्के कार्नौबा. पहिले काही दिवस काय विचारता, पाणी मारलं की थेंब मोत्यासारखे उभे. दीड महिन्यात सगळा नूर गेला, पाणी नुसतं पसरायला लागलं. आणि त्याच दीड महिन्यात बॉनेटवर विष्ठेचा एक डाग पडला तो काही केल्या जाईना. धुतला, पुसला, तरी तिरक्या उजेडात अजून दिसतो, नकाशा काढल्यासारखा. मग वॅक्सने नक्की केलं काय?

आता एक मित्र म्हणतो सीलंट लाव आणि सहा महिने विसरून जा. दुसरा म्हणतो काळ्या गाडीला सीलंट लावलं की ती खेळण्यातली गाडी वाटते, वॅक्सच पाहिजे. माझी वर्षातून दोनतीनदाच अख्खा रविवार घालवायची तयारी आहे, त्याहून जास्त नाही. काय लावू?

रविवारधुलाई
तुमचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळींत आहे दादा. वर्षातून दोनतीनदा म्हणजे सीलंट. वॅक्सवाल्याला दर महिना-दोन महिन्यांनी फडकं हातात घ्यावं लागतं, त्यात त्याला मजा येते म्हणून तो घेतो.

त्या १०० टक्क्यांबद्दल. कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडकुळातल्या झाडाच्या पानांवरचं मेण. नैसर्गिक मेणांत सगळ्यात कडक, ८२ ते ८६ अंशांना वितळतं. ते एवढं कडक असतं की शुद्ध रूपात गाडीवर पसरवताच येणार नाही, नुसत्या ठिसूळ खपल्या. म्हणून त्यात सॉल्व्हंट, तेलं, दुसरी मऊ मेणं घालून मलमासारखं करतात. तेव्हा डबीवरच्या १०० टक्क्यांचा अर्थ फार तर इतकाच की आत जे काही मेण आहे ते कार्नौबाचं आहे, अख्खी डबी नव्हे. आणि मऊ केलेलं मिश्रण साहजिकच शुद्ध मेणाच्या आधीच ढिलं पडतं. काळं बॉनेट कडक उन्हात ७० अंशांच्या आसपास जातं, हात टेकवून बघा एकदा दुपारी, म्हणजे दीड महिना टिकलं हेच नशीब समजा.

सीलंट म्हणजे माणसाने बनवलेलं पॉलिमर, बऱ्याचदा सिलिकॉनच्या घराण्यातलं. लावल्यावर ते वाळतं तेव्हा त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि रंगाला चिकटून बसतात, त्यामुळे उन्हाला आणि शॅम्पूला जास्त दाद देत नाही. साधारण चार ते सहा महिने धरा. फक्त एक, लावल्यावर १२ ते २४ तास पाणी लागता कामा नये. आभाळ बघून कामाला लागा, मी एकदा नाही बघितलं आणि अर्ध्या तासात सर आली, टपावर थेंबांचे ठसे तसेच उमटले आणि सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं.

फडकंबहाद्दर
वॅक्सवाल्यांना मजा येते म्हणून टोमणा मारलात का? येतेच मजा, लपवायचं काय त्यात 😄

पण खरं सांगतो, मी हा वाद स्वतःपुरता मिटवून टाकला. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावली, ड्रायव्हरच्या बाजूला वॅक्स, दुसऱ्या बाजूला सीलंट. माझी गाडी गडद निळी. टेप काढून घरच्या सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं कुठली बाजू भारी दिसते. एकाने डावी म्हटलं, एकाने उजवी, आणि आमच्या बायकोने विचारलं की तू सकाळपासून हे करतोयस? मलाही वाटत होतं की वॅक्सच्या बाजूला रंग जरा खोल, ओला दिसतोय, पण मला कुठल्या बाजूला काय आहे ते माहीत होतं ना, तिथेच सगळी गोम. सहा आठवड्यांनी मात्र विचारायची गरज पडली नाही. पाणी मारलं की सीलंटची बाजू थेंब झटकायची आणि माझी बाजू नुसती ओली बसून राहायची.

म्हणून ते खेळण्यातल्या गाडीचं वगैरे मनावर घेऊ नका. काळ्या गाडीवर जी चमक दिसते ना, ती नव्वद टक्के तर खालच्या रंगाची असते, माझा अंदाज हो, मोजलेलं नाही. ओरखडे असतील तर वर काहीही लावा, उन्हात कोळ्याचं जाळं दिसणारच.

आणि वॅक्सच लावायचं झालं तर पातळ लावा. सगळे इथेच चुकतात. पॅडवर बोटाच्या पेराएवढं घ्यायचं, एका वेळी अर्धा दरवाजा, लावलेलं जेमतेम दिसलं पाहिजे, धुक्याचा श्वास टाकल्यासारखं. मग बोट फिरवून बघायचं. बोटाखालचा पट्टा स्वच्छ लखलखीत निघाला तर पुसायला घ्या, फरफटलं तर अजून थांबा. जाड थर दिला म्हणून जास्त टिकत नाही, तो जास्तीचा सगळा तुमच्या फडक्यात जातो आणि खांदा दुखतो तो वेगळाच.

स्प्रेगन
मी गाड्या रंगवतो, विकत काही नाही, त्यामुळे माझा इथे काही स्वार्थ नाही.

आधी त्या डागाचं. कंपनीच्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात, त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस ७० धरा, म्हणजे क्लिअर कोट केसापेक्षा बारीक. आणि त्याच्यावर तुम्ही लावलेलं वॅक्स किंवा सीलंट एक मायक्रॉनसुद्धा भरत नाही. आता विष्ठा पडली. ती आंबट असते, पण नुसत्या आम्लाने होत नाही. उन्हाने रंग तापतो, मऊ होतो, थोडा फुगतो. त्याच वेळी वरची विष्ठा वाळून कडक होते. संध्याकाळी रंग गार होऊन आकसतो आणि त्या कडक खपलीच्या आकारात बसतो. तुम्हाला तिरक्या उजेडात जो नकाशा दिसतो तो डाग नाहीच, तो रंगात उठलेला साचा आहे. धुऊन कसा जाईल? हलक्या पॉलिशने बऱ्याचदा कमी होतो, पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा खरवडणं, ते केसापेक्षा बारीक आहे हे लक्षात ठेवून करा.

तर वॅक्सने केलं काय, वेळ दिला. सीलंटही वेळच देईल, थोडा जास्त. दुपारी पडलेली दुपारीच काढायची. खपली सुकली असेल तर ओलं फडकं वर पाच मिनिटं ठेवायचं, मऊ झाली की उचलायची, घासायची नाही, त्यात वाळूचे कण असतात. डिकीत एक स्प्रेची पाण्याची बाटली आणि दोन मायक्रोफायबर ठेवा, कुठल्याही डबीपेक्षा तुमच्या गाडीला त्याचा उपयोग जास्त.

दुसरं, हे दोन्ही लावून ऊन अडतं असं समजू नका. ऊन अडवणारी रसायनं क्लिअर कोटच्या आतच घातलेली असतात.

तिसरं, वॅक्स की सीलंट यावर इथे सगळे भांडतायत, पण खाली काय आहे ते कोणी विचारलंच नाही. तीन वर्षं उघड्यावरची गाडी. धुवा, वाळवा, हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि बोटं हलकेच बॉनेटवरून फिरवा. नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. काय लागतं ते इथे येऊन सांगा, मग पुढचं बोलू.

उन्हातलीगाडी
स्प्रेगन भाऊ, पिशवीचं केलं आत्ताच. आई शप्पथ, खरकागदावरून बोटं फिरवल्यासारखं वाटलं, आणि मी गेली तीन वर्षं समजत होतो की गाडी गुळगुळीत आहे. दरवाजे बरे आहेत, बॉनेट, टप आणि मागचं बंपर भयानक. हे काय आहे? आणि असल्या खरकागदावर मी वॅक्स लावत होतो?

स्प्रेगन
हो, कणांवर लावत होता, रंगावर नाही. काही झाडाचा चीक असतो, काही कुठलं कुठलं उडून आलेलं, आणि बारीक लोखंडाचे कण, मुख्य म्हणजे ब्रेकच्या डिस्कमधून उडालेले, ते गरम असताना येऊन रुततात. त्याला आयर्न रिमूव्हर मिळतो, फवारला की कणांच्या जागी जांभळे ओघळ यायला लागतात. वास कुजक्या अंड्याचा, घरच्यांना खिडक्या लावून घ्यायला सांगा. वाळू न देता भरपूर पाण्याने धुवायचं. उरलेल्यावर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, भरपूर शॅम्पूचं पाणी मारत, जोर न लावता. क्ले हातातून खाली पडला की तो तुकडा टाकूनच द्यायचा, धुऊन परत वापरायचा नाही, काटकसर करायची जागा ही नव्हे.

क्लेने काळ्या गाडीवर बारीक ओरखडे येतात हे आधीच सांगून ठेवतो. म्हणून त्यानंतर हलकं पॉलिश, त्यात तुमचा नकाशाही जमेल तेवढा जाईल. मग पाण्यात मिसळलेल्या आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसून घ्यायचं म्हणजे पॉलिशचं तेल आणि जुन्या वॅक्सचं जे काही शिल्लक असेल ते निघेल. सीलंटला नागवा रंग लागतो. जुन्या वॅक्सवर सीलंट लावलं तर ते रंगाला नाही, वॅक्सला चिकटतं, आणि वॅक्स जाताना त्यालाही घेऊन जातं.

पाणीपसरे
मधेच घुसतो, माफ करा. मग सगळे सरळ सिरॅमिक कोटिंग का नाही करत? वर्षानुवर्षं टिकतं म्हणतात.

रविवारधुलाई
टिकतं, पण खालची तयारी याच्या दुप्पट, आणि चूक झाली तर फडक्याने निघत नाही, पॉलिश करून काढावी लागते. पहिल्यांदा स्वतः करणाऱ्याने सीलंटवर हात बसवावा हे माझं मत. त्याचा वेगळा धागा काढा, इथे विषय फाटेल.

उन्हातलीगाडी, एक राहिलं. उलटा क्रम चालतो, म्हणजे सीलंट पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या दिवशी वरून वॅक्सचा हात दिला तर काही बिघडत नाही. तुमच्या दुसऱ्या मित्रालाही बरं वाटेल. आणि थेंब बसले म्हणजे सीलंट गेलं असं लगेच ठरवू नका. कितीदा तरी वर नुसती धूळ आणि चिकटा बसलेला असतो, चांगल्या शॅम्पूने नीट धुतलं की थेंब परत उभे राहतात. भांड्यांचा साबण मात्र गाडीला लावू नका, तो तेलकटपणा काढायलाच बनवलेला आहे, तुमचं वॅक्स त्याच्यासाठी तेलकटपणाच.

उन्हातलीगाडी
तीन आठवड्यांनी येतोय, उशीर झाला. दोन रविवार गेले, एकाचा शब्द दिला होता घरी 🙏

जांभळे ओघळ मागच्या बंपरवरून असे वाहत होते की शेजारच्यांनी विचारलं गाडीला लागलंय का कुठे. क्ले, पॉलिश, आयपीए सगळं सांगितलं तसं केलं, नकाशा पूर्ण नाही गेला पण आता मला शोधावा लागतो, आधी तो मला शोधायचा. सीलंट सकाळी सहाला सुरू केलं, पत्रा गार असताना, एक रात्र मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवली. वॅक्स वरून लावलं नाही, तेवढी ताकदच उरली नव्हती. परवा पाऊस पडला आणि मी खिडकीत उभा राहून बॉनेटकडे बघत होतो, लोकांना काय वाटलं असेल ते वाटो.

एक घोळ झालाच. काचेखालच्या काळ्या प्लास्टिकवर आणि आरशांच्या कडेला पांढरे पट्टे उठलेत, सीलंट तिथे लागून वाळलं बहुतेक. ओल्या फडक्याने हलत नाहीत. काय करू?

फडकंबहाद्दर
टेप लावायचा आळस केलात ना! सगळ्यांचं होतं. खरखरीत प्लास्टिकच्या बारीक खड्ड्यांत ते जाऊन बसतं म्हणून फडकं पोचत नाही. ऑल पर्पज क्लीनर पातळ करून मऊ ब्रशने, जुना टूथब्रश चालेल, गोल गोल फिरवा आणि लगेच ओल्या फडक्याने टिपा. रंगावर ओघळू देऊ नका, नाहीतर सहा वाजता उठून लावलेलं सीलंट त्याच्याबरोबर जाईल. क्लीनर नसेल तर पेन्सिलचं साधं मऊ खोडरबर घासून बघा, आधी एका कोपऱ्यात. माझं आरशांचं त्यानेच निघालं होतं.