प्रभारी प्राचार्य आहे. न झालेल्या सभांच्या इतिवृत्तावर सही मागताहेत. काय करू?

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, पण पूर्ण वाचून सल्ला द्या. नावं-गावं अर्थातच टाळतोय.

तालुक्यापासूनही आत असलेल्या एका अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालयात मी सहयोगी प्राध्यापक. आधीचे प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा "दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे सर, जाहिरात निघतेच आहे" म्हणत प्रभार माझ्या गळ्यात घातला. त्याला आता दोन वर्षं होतील. जाहिरात कुठली निघतेय! संस्थेत दोन गट आहेत. निवडणुकीनंतर एका गटाने चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज) दाखल केला, दुसऱ्याने हरकत घेतली, प्रकरण धर्मादाय कार्यालयात पडून आहे. दोघेही स्वतःला अध्यक्ष म्हणवतात. लेटरहेड दोन, शिक्के दोन, टपाल घेणारा शिपाई मात्र एकच.

आता मूळ मुद्दा. नॅक, म्हणजे महाविद्यालयाचं राष्ट्रीय मूल्यांकन, तोंडावर आलंय. सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा, तिथे महाविद्यालय विकास समितीची इतिवृत्तं लागतात. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे वर्षातून किमान चार सभा हव्यात. आमच्याकडे माझ्या काळात एकही झालेली नाही. मी दोनदा लेखी विचारलं, उत्तर आलं व्हॉट्सअ‍ॅपवर: "बघू."

गेल्या सोमवारी संस्थेच्या सचिवांनी प्रोसिडिंग बुक (इतिवृत्ताची वही) पाठवलं. नवी कोरी वही, अजून डिंकाचा वास येतोय. चार सभा, एकच निळं पेन, सूचक-अनुमोदकांसकट ठराव. दुसऱ्या सभेत शेवटी मी सर्वांचे आभार मानलेत. त्या तारखेला मी विद्यापीठात उत्तरपत्रिका तपासत होतो. हजेरीचं प्रमाणपत्र आणि टीए बिलाची प्रत कपाटात आहे.

प्राचार्य हा समितीचा सदस्य-सचिव, म्हणून खाली सही माझी हवीय. "सगळीकडे असंच चालतं हो सर." नाही म्हटलं तर प्रभार काढतील, त्याचं मला सुतक नाही. पण मूळ नोकरीला त्रास होईल का? आणि दोन अध्यक्षांपैकी समितीचा अध्यक्ष कोण धरायचा?

आरामखुर्ची: सही करू नका. मीही प्राचार्य होतो, म्हणून सांगतो: नॅकच्या अहवालाला माहिती खरी असल्याचं घोषणापत्र संस्थाप्रमुखाचं जोडतात. सचिवांचं नाही. उद्या कोणी तक्रार केली तर सचिव म्हणतील, सरांनी लिहून आणलं, आम्ही विश्वास ठेवला. सभा न झाल्याने गुण जातील ते जाऊ द्यात. शिवाय तुमच्या त्या दोन पत्रांची आवक-जावक नोंद आहे का ते आधी बघा, कारण सभा न बोलावल्याचं खापर सदस्य-सचिवावरच फुटणार.

अध्यक्ष कोण, याचं उत्तर इथे कोणी छातीठोकपणे दिलं तर ऐकू नका. परिशिष्ट-१ ची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीची, प्रमाणित प्रत काढा, आज त्यावर कुणाची नावं आहेत ते बघा आणि धर्मादायचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. गावातल्या ओळखीच्या वकिलाला नको, तो कुठल्यातरी गटाचा निघतो.

खडूफळा: तुम्हीच प्राचार्यपदाचा अर्ज का करत नाही?

धागाकर्ता: पीएच.डी. आहे, पंधरा वर्षांची सेवा आहे, दहा शोधनिबंधही होतात. ११० संशोधन गुणांना थोडा कमी पडतो. तसंही जाहिरात हवी ना!

मुदतबाह्य: एक प्रश्न. ही समिती गठित कधी झाली? निवडून आलेल्या आणि नामनिर्देशित सदस्यांची मुदत पाच वर्षांची असते. आमच्याकडे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं, नॅकच्या बाईंनी विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत बसले.

धागाकर्ता: मुदतबाह्य, तुमच्या पाया पडतो. आज जुनी फाइल काढली. समिती २०१८ ची आहे! म्हणजे तीन शिक्षक प्रतिनिधी, शिक्षकेतर प्रतिनिधी, चार स्थानिक सदस्य, सगळ्यांची मुदत २०२३ मध्येच संपली. शिक्षकांपैकी एक तर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलेत, वहीत मात्र त्यांनी ग्रंथालयाच्या ठरावाला अनुमोदन दिलंय.

आरामखुर्ची: मग बोट ठेवायला चांगली जागा मिळाली. "खोटं लिहिलंय" असं पत्रात म्हणू नका. "सदर कालावधीत समिती मुदतीत नसल्याने व माझ्या माहितीप्रमाणे सभा झालेली नसल्याने स्वाक्षरी करता येत नाही", एवढंच. वही परत करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. शिक्षक आणि शिक्षकेतरांची निवडणूक तुमच्या पातळीवर सुरू करा. स्थानिक सदस्यांची नावं संस्था देते, तुमच्याशी सल्लामसलत करून, तेव्हा ती लेखी मागा. विभागप्रमुखाचं नाव तुम्ही द्यायचंय.

धागाकर्ता: अपडेट. वही पत्रासह परत केली, पोच घेतली. पत्राची प्रत दोन्ही अध्यक्षांना पाठवली. एकांनी सही करून पोच दिली. दुसऱ्यांचा रात्री फोन आला, वहीबद्दल एक शब्द नाही, विचारत होते की पत्र त्यांना का पाठवलं.

शिक्षक प्रतिनिधींच्या निवडणुकीची नोटीस उद्या लावतोय. पूर्णवेळ शिक्षक माझ्यासह अकरा, बाकी सगळे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तिघांत किमान एक महिला हवी आणि आमच्याकडे महिला दोनच, दोघीही म्हणतात "मला नको, तिला करा." आता शेवटची शंका: प्रभार माझ्याकडे असला तरी मूळचा मी पूर्णवेळ शिक्षकच. मी मतदान करायचं की नाही? आमच्या विद्यापीठाच्या क्षेत्रात कुणी नुकतीच ही निवडणूक घेतली असेल तर सांगा, नोटिशीत तसं लिहितो.