माऊस स्क्रोल केला की स्पीकरमधून चर्रर्र, डॅक बिघडलाय का?

खरखर: मंडळी, डोकं उठलंय. लॅपटॉप, त्याला यूएसबीने डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरला लागणारा सिग्नल करणारा डबा), डॅकमधून आरसीए वायरने पॉवर्ड स्पीकर, एवढाच सेटअप. गाणं थांबवलं तरी मागे बारीक चर्रर्र चालूच, माऊस स्क्रोल केला की त्याचा सूर बदलतो आणि गेम लावला की तर शिट्टीच वाजते. फेराइट (केबलवर बसवायचे ते गोळे) लावून झाले, महागातली यूएसबी केबल आणली, काडीचा फरक नाही. डॅक बदलू का?

शून्य_डेसिबल: थांब जरा. आधी चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालव. मग चार्जर परत लाव, स्पीकरची वायर काढ आणि डॅकलाच हेडफोन लावून ऐक.

खरखर: चार्जर काढला की एकदम शांत!! हेडफोनमध्ये तर चार्जर लावूनही काही नाही.

शून्य_डेसिबल: मग डॅक ठणठणीत आहे, हा ग्राउंड लूप. चार्जरचं अर्थिंग, स्पीकरचं अर्थिंग आणि मधे यूएसबीची ग्राउंड वायर अन् आरसीएची शील्ड (सिग्नलच्या तारेभोवतीची जाळी), असा गोल पूर्ण होतो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड जसजसा करंट ओढतात तसतसा त्या ग्राउंडवर कचरा फिरतो (म्हणून स्क्रोल केलं की सूर बदलतो), आणि आरसीएत शील्ड हीच सिग्नलची परतीची वाट असल्यामुळे तो थेट गाण्यात मिसळतो. महाग केबलने काय होणार, डेटा आधीपासून बरोबरच येतोय. आणि फेराइट रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठी, कानाला ऐकू येणारी चर्रर्र त्याने अडत नाही.

जुगाडू: चार्जरची अर्थ पिन काढून टाक, माझं त्यानेच गेलं

अर्थिंगवाला: असले सल्ले देऊ नका हो! आत काही शॉर्ट झालं तर ती पिनच जीव वाचवते. लॅपटॉपला ऑप्टिकल आउट असेल तर ते वापरा, सिग्नल प्रकाशातून जातो म्हणून तांब्याचा संबंधच तुटतो आणि 24 बिट 96 किलोहर्ट्झचा ऑडिओ आरामात जातो. नसेल तर यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देतो, पण ग्राउंडचा संबंध तोडतो), पण घेताना स्पीड बघा, स्वस्तातले बरेचसे 12 एमबीपीएसवालेच असतात, त्यावर 96 किलोहर्ट्झपर्यंत भागतं, 192 हवं तर 480 एमबीपीएसचा हाय-स्पीड लागतो, आणि काही डॅक तर स्लो आयसोलेटरवर दिसतच नाहीत. पॉवर्ड हब घेऊन फसू नका, ग्राउंड त्यातून तसाच आरपार जातो.

शून्य_डेसिबल: बरोबर. पण काही विकत घ्यायच्या आधी डॅकच्या मागे बघ रे, बॅलन्स्ड आउट आहे का? तिथे सिग्नल दोन वेगळ्या तारांतून जातो आणि स्पीकर फक्त त्यांच्यातला फरक घेतो, शील्डवर काय चाललंय त्याच्याशी देणंघेणं नाही.

खरखर: अरे देवा, आहेत की दोन एक्सएलआर (बॅलन्स्डची तीन पिनांची सॉकेट)! स्पीकरलाही आहेत, मी कधी मागे वाकून बघितलंच नव्हतं. दोन साध्या केबल आणून लावल्या, चार्जर लावून, गेम चालू ठेवून ऐकलं, चर्रर्र गायब. ट्वीटरला (स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग) अगदी कान टेकवला तर थोडी हिस्स येते, ती स्पीकरची स्वतःचीच असणार, डॅक बंद केला तरी येते. महागडी यूएसबी केबल कोणाला हवीये का?