जुना फ्रॉस्ट-फ्री फ्रीज: वर बर्फ, खाली गरम. मॉडेल बंद झालंय, सुटे भाग कसे शोधू? मदत हवी आहे

सांजवात

नमस्कार मंडळी. आधी लक्षणं सांगते, मग प्रश्न.

दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, वय १४ वर्षं. वर फ्रीझर, खाली फ्रीज. दहा दिवसांपासून खालचा कप्पा थंडच होत नाही. वर बर्फाचे खडे नीट होतात, खाली मात्र दूध दुसऱ्या दिवशी नासतं. थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवला, सकाळी आकडा १३ अंश. त्याआधी आठवडाभर फ्रीझरच्या मागून टर्रर्र असा आवाज यायचा, पंख्याच्या पात्यात पुठ्ठा अडकल्यासारखा. मग तो आपोआप थांबला आणि मी खूश झाले. आता वाटतंय, खूश व्हायला नको होतं. परवा चारेक तास वीज नव्हती, त्यानंतर भाजीच्या ट्रेखाली पाण्याचं थारोळं झालं.

मेकॅनिकदादा आले. मागे वाकून कॉम्प्रेसरला हात लावला आणि म्हणाले, "गॅस गेलाय. पण इतक्या जुन्या फ्रीजमध्ये कशाला पैसे घालता, नवीन घ्या." एकही स्क्रू न उघडता पाच मिनिटांत निकाल! सेवा केंद्राला फोन केला तर "हे मॉडेल बंद झालंय, भाग मिळणार नाहीत."

तर प्रश्न असे:
१. गॅस गेला असेल तर वर बर्फ होतोच कसा?
२. बंद पडलेल्या मॉडेलचे भाग शोधायचे कसे?
३. खालच्या दाराचं रबर कोपऱ्यात फाटलंय. ते घरी बदलता येतं का?

मल्टिमीटर आहे, स्क्रूड्रायव्हर धरता येतो, उत्साह गरजेपेक्षा जास्त आहे. (आतला दिवा दोन वर्षांपासून लागत नाही, पण तो विषय सध्या सोडा.)

स्पष्टवक्ता

चौदा वर्षं झाली ना? वसूल झाला. निरोप द्या त्याला. आज हे दुरुस्त कराल, उद्या ते जाईल.

जुना_जाणता

ताई, घाई करू नका. तुमचा पहिलाच प्रश्न मेकॅनिकला पडायला हवा होता.

या प्रकारच्या बहुतेक फ्रीजमध्ये थंड करणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या मागच्या प्लेटआड. पंखा त्या कॉइलवरची गार हवा वर फ्रीझरमध्ये सोडतो आणि थोडी मार्गिकेतून खाली पाठवतो. म्हणजे खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसते, सगळी वरून आलेली. कॉइलवर सतत दव गोठतं. ते वितळवायला दिवसातून एखाद-दोन वेळा कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर वीस-तीस मिनिटं तापतो, पाणी नळीतून खाली जाऊन कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं आणि तिथल्या उष्णतेनं उडून जातं. हीटरची साखळी कुठेही तुटली की बर्फ वाढत जातो. आधी पंख्याच्या पात्याला लागतो (तुमचा टर्रर्र), मग पंखाच जखडतो (तुमचा आनंद), मग हवेची वाट बुजते. वरचा कप्पा कॉइलला चिकटून असल्यानं गार राहतो, खालचा उपाशी मरतो. वीज गेल्यावर थोडा बर्फ वितळला, पण पाण्याची नळीही गोठलेली, म्हणून पाणी ट्रेखाली आलं.

हे सगळं इथे बसून म्हणतोय, खात्री तुम्ही करायची. प्लग काढा, फ्रीझर रिकामा करा, मागची प्लेट उघडा. वितळवायच्या आधी बर्फ कसा बसलाय ते नीट बघा. कॉइल वरपासून खालपर्यंत पांढऱ्या बर्फात लिंपलेली असेल तर डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेचा बिघाड. सुरुवातीच्या एखाद-दोन वेटोळ्यांवरच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी आहे. कुठेच बर्फ नसेल तर गॅस संपलाय किंवा कॉम्प्रेसर काम करत नाही. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, फक्त वाकून बघावं लागतं.

आणि हात जोडून सांगतो, सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर काही म्हणता काही बर्फात खुपसू नका. ॲल्युमिनियमची नळी आहे. एक भोक पडलं की मेकॅनिकचं भाकीत तुम्हीच खरं केलंत.

वेलांटी

प्लेट उघडण्याआधी आतला स्टिकर बघून घ्या. बहुतेक भाजीच्या कप्प्याच्या बाजूला आतल्या भिंतीवर असतो. त्यावर मॉडेल नंबर, व्होल्टेज आणि गॅस कोणता, किती ग्रॅम हे सगळं असतं. आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा वायू. भरलेला असतो थोडासाच, पण त्याच्या आसपास ज्योत किंवा ठिणगी नको.

सांजवात

स्टिकर सापडला, अक्षरं अर्धी पुसलेली. मोबाइलचा उजेड तिरका धरून वाचला. आर-१३४ए, १२० ग्रॅम. मॉडेल नंबर पूर्ण मिळाला.

प्लेट निघता निघेना. स्क्रू काढले तरी हलेना, कारण मागून बर्फानं धरून ठेवली होती. गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबून दाबून सोडवली. आणि जुना_जाणता काका, कॉइल दिसलीच नाही! भिंतच. पांढरी, घट्ट, पंख्याचं पातं अर्धं आत गाडलेलं. कोरडा भाग एका बोटाएवढाही नाही.

दोन्ही दारं उघडी ठेवून रात्रभर तशीच सोडली. खाली जुने टॉवेल. बावीस तास लागले. पाण्याची नळी सगळ्यात शेवटी मोकळी झाली, कोमट पाणी पिचकारीनं सोडत राहिले, मग एकदम गुळगुळ करून मागच्या ट्रेमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला. इतका समाधानाचा आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

आता मोजमाप. हीटर: ३५० ओहम. त्याच्या शेजारचा फ्यूज: जोड आहे (म्हणजे आतून वीज जाऊ शकते). कॉइलच्या वरच्या नळीला चिमट्यानं लावलेला नाण्याएवढा गोल भाग, दोन तारांचा: जोड नाही. म्हणजे सापडला ना चोर?

खटपट्या

हीटर ठणठणीत आहे. २३० व्होल्टवर १५० वॅटचा हीटर म्हणजे साधारण ३५३ ओहम (व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट). हीटर तुटला असता तर मीटर हललाच नसता.

जुना_जाणता

चोर अजून संशयितच आहे. तो गोल भाग म्हणजे बायमेटल. त्याचं कामच असं की कॉइल गोठलेली असताना जोड द्यायचा आणि बर्फ वितळून कॉइल दहा-बारा अंशांच्या आसपास आली की तोडायचा, म्हणजे हीटर उगाच तापत राहत नाही. तुम्ही फ्रीज वितळवून, घरच्या तापमानाला मोजलंत. तेव्हा तो उघडाच असणार, नवाकोराही तसाच दाखवेल. माझ्या उमेदवारीच्या काळात मी असे कितीतरी चांगले बायमेटल फेकून दिलेत.

बर्फाच्या पाण्यात बुडवूनही भागत नाही, शून्याला तो जोड देईलच असं नाही. कुणाच्या तरी चालू फ्रीझरमध्ये दोन तास ठेवा आणि आत असतानाच तारा बाहेर काढून मोजा. बाहेर काढून मीटर शोधेपर्यंत तो गरम होतो.

आणि टायमर विसरू नका. जुन्या फ्रीजमध्ये छोट्या डबीत असतो, त्याला स्क्रूड्रायव्हरची खाच असते. हळूहळू फिरवलं की खट्ट होऊन कॉम्प्रेसर थांबतो आणि हीटरचा फेरा सुरू होतो. खट्ट झालं म्हणजे संपर्क ठीक. पण तो स्वतःहून पुढे सरकतो का, हे बघायला खाचेवर पेनानं खूण करा आणि दोन-तीन तासांनी परत बघा.

स्पष्टवक्ता

एवढ्या वेळात नवीन फ्रीज येऊन आतला माल गार झाला असता.

वेलांटी

तुमचा मुद्दा कळला हो. पण एका नाण्याएवढ्या भागापायी अख्खं कपाट भंगारात जाणार असेल तर निदान तो भाग कोणता ते तरी कळू द्या.

सांजवात

शेजारच्या वहिनींच्या फ्रीझरमध्ये बायमेटल ठेवला, तारा दाराच्या फटीतून बाहेर. (वहिनींना वाटलं मी काहीतरी पेरतेय.) अडीच तासांनीही जोड नाही. उन्हात धरून नीट पाहिला तर त्याची प्लॅस्टिकची पाठ फुगलेली, कडेला केसाएवढी चीर. टायमरवरची खूण तीन तासांत सरकली होती, म्हणजे तो निर्दोष.

चोर पक्का. आता तो मिळवायचा कुठून? मॉडेल नंबर टाकून शोधलं, काहीच हाती लागत नाही.

खटपट्या

इथेच सगळे अडकतात. मॉडेल नंबरवरून फ्रीज शोधायचा असतो, भाग नाही. भाग त्याच्या स्वतःच्या गुणांवरून शोधा. फ्रीजच्या कंपन्या बायमेटल, टायमर, रिले, पंख्याची मोटर यांतलं बरंचसं दुसऱ्यांकडून बनवून घेतात, आणि तोच भाग चार वेगळ्या नावांच्या फ्रीजमध्ये बसतो. मॉडेल बंद झालं म्हणजे दाराचा रंग, फळ्या, हँडल, ट्रे मिळणं अवघड झालं. आतली यंत्रणा बहुतेक मिळते.

बायमेटलसाठी तुमच्या भागावर छापलेले आकडे, तारा किती (तीन-चार असतील तर फ्यूजही त्यातच असतो), टोकाचा कनेक्टर आणि चिमटा कोणत्या जाडीच्या नळीला बसतो, एवढं जुळवा. कनेक्टर वेगळा आला तर जुना कापून जोडता येतो, पण जोड ओलाव्यात राहणार, तेव्हा आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा. नुसती चिकटपट्टी तिथे टिकत नाही.

पुढे कधी पंख्याची मोटर घ्यावी लागली तर व्होल्टेज, दांड्याची लांबी आणि फिरण्याची दिशा बघा. दिशा उलटी असेल तर पंखा मस्त फिरतो आणि खाली हवाच येत नाही, मग माणूस वेडा होतो. झालोय. रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) आणि ओव्हरलोड (ताण आला की त्याला बंद करणारा) मात्र कॉम्प्रेसरवरच्या नंबरवरूनच घ्या, तिथे 'साधारण असाच' चालत नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे जुना भाग खिशात घालून सुटे भाग विकणाऱ्याकडे जायचं आणि काउंटरवर ठेवायचा.

जुना_जाणता

रबराचं. दाराच्या आतल्या कडेला रबराची ओठासारखी घडी उचलून बघा. खाली स्क्रूंची रांग असेल तर जुनी पद्धत. स्क्रू पूर्ण काढू नका, सैल करा, नाहीतर दाराचं आतलं अस्तर हलून दार पिळतं आणि मग कुठलंच रबर बसत नाही. स्क्रू नसतील तर रबर खाचेत नुसतं दाबलेलं असतं, कोपऱ्यापासून ओढलं की निघतं. माप घेताना रबराच्या बाहेरच्या कडेचं नको, दारावरच्या खाचेपासून समोरच्या खाचेपर्यंतचं घ्या. शिवाय जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून सोबत न्या, आडवा छेद जुळला पाहिजे.

नवीन रबर घडी घालून येतं आणि वाकडंच असतं. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून सरळ होऊ द्या. आधी चार कोपरे बसवा, मग मधला भाग.

सांजवात

तीन आठवड्यांनी हजर. बायमेटल सुटे भाग विकणाऱ्यानं जुना बघून मागच्या डब्यातून काढून दिला, मॉडेलचं नावसुद्धा विचारलं नाही. बसवायला दहा मिनिटं, प्लेट परत लावायला तासभर, कारण एक स्क्रू पाण्याच्या नळीत पडला होता. लोहचुंबकाला दोरा बांधून काढला.

रबरही बदललं. कागदाची पट्टी दारात धरून ओढायची ती चाचणी चारी बाजूंनी केली. बिजागरीच्या बाजूला पट्टी सुळकन निघत होती, तिथे केस वाळवायच्या यंत्रानं रबर गरम करून बोटानं बाहेर ओढलं, आता अडते.

काल रात्री थर्मामीटर परत पेल्यात ठेवला होता. सकाळी ४ अंश. फ्रीझर उणे १८. काल मुद्दाम प्लेट काढून बघितली, कॉइलवर साखर भुरभुरल्यासारखं पातळ दव, एवढंच.

वेलांटी

वा! आता मागे किंवा खाली उष्णता बाहेर टाकणारी काळी जाळी असेल तर सहा महिन्यांनी मऊ ब्रशनं धूळ काढत जा, प्लग काढून. जाळी दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्याआड असते. मग बाजू गरम लागतात, त्यात बिघाड काही नाही, फक्त भिंतीला चिकटवू नका.

जुना_जाणता

आणि वीज जाऊन लगेच आली तर पाचेक मिनिटं थांबून चालू करा. नळ्यांमधला दाब समान व्हायच्या आत कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला की अडतो, घूं घूं करतो आणि ओव्हरलोड खट्ट करून त्याला बंद करतो. हा आवाज ऐकून पुष्कळ लोक कॉम्प्रेसर गेला असं समजतात.

स्पष्टवक्ता

मानलं. आमच्याकडच्याचा पंखा गेले आठ दिवस टर्रर्र करतोय. तो आपोआप थांबायची वाट बघत होतो.

सांजवात

अजिबात बघू नका. आजच फ्रीझर रिकामा करा आणि टॉवेल जमवा.

जाळी मागेच आहे, बोटभर धूळ निघाली. आता राहिला दिवा. बल्ब नवीन लावून पाहिला, लागत नाही. दाराचं बटण दाबलं की खट्ट आवाज येतो, पण मीटर हलत नाही. बटण बाहेर काढायला पुढून खाच आहे की मागून कुणाला माहीत आहे का?