आफ्रिकेच्या वसाहतकाळातील हस्तलिखिते: खाजगी कपाटात की सार्वजनिक दफ्तरखान्यात?

दफ्तरदार

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. आफ्रिकेतील वसाहतकाळाविषयीची छापील पुस्तके ज्याला हवी त्याने खुशाल जमवावीत. हस्तलिखितांचे मात्र तसे नाही. रोजनिशी असो, जिल्हा अधिकाऱ्याची नोंदवही असो वा चर्मपत्रावरची पोथी असो, ती आफ्रिकेतून बाहेर कशी पडली याचा समाधानकारक पुरावा विक्रेता देत नसेल, तर खाजगी संग्राहकाने ती विकत घेऊ नये. किंमत परवडते आणि कायदा आड येत नाही, एवढ्यावरच खरेदी करण्याची संग्राहकांत रूढ असलेली रीत मला मान्य नाही.

हा भेद करण्याचे कारण साधे आहे. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या १८५७ साली निघालेल्या प्रवासवर्णनाच्या १२,००० प्रती प्रकाशनाआधीच मागणीत संपल्या होत्या. (म्हणूनच ते पुस्तक जुने असले तरी दुर्मिळ नाही; दुर्मिळ असते ती घडीचे नकाशे शाबूत असलेली, मूळ कापडी बांधणीची प्रत. नवख्या खरेदीदारांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.) त्यातली एक प्रत पुण्यातल्या कपाटात आली म्हणून कोणाचे काही अडत नाही. हस्तलिखित एकच असते, आणि ते ज्याच्या कुलपात जाते त्याच्या मर्जीवर पुढचे सारे वाचन अवलंबून राहते.

पुराव्याचा आग्रह का, यासाठी इथिओपियातील मक्दला गडाचे उदाहरण पुरेसे आहे. ब्रिटिश सेनापती नेपियर याची इथिओपियावरची मोहीम मुंबई इलाख्यातून निघाली होती, तिच्यात आपल्याकडच्या पलटणी होत्या आणि ओझी वाहायला हत्तीही इथूनच गेले होते. १३ एप्रिल १८६८ रोजी मक्दलाचा गड पडला आणि सम्राट तेवोद्रोस दुसरा याने आत्महत्या केली. त्यानंतर गडावरची लूट दलांताच्या पठारावर नेऊन २० व २१ एप्रिलला तिचा लिलाव करण्यात आला व जमलेली रक्कम सैनिकांत वाटण्यात आली. बोली लावणाऱ्यांत ब्रिटिश म्युझियमचा रिचर्ड होम्स होता. तेथून आलेली सुमारे ३५० हस्तलिखिते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे ‘लिलावात रीतसर पैसे मोजून घेतले’ ही नोंद त्या लुटीलाही जोडता येते. पावती पाहून समाधान मानणाऱ्यांनी ती पावती कोणत्या प्रसंगाची आहे हेही पाहावे.

कागदवेडा

दफ्तरदारसाहेब, मक्दलाचा दाखला बिनतोड आहे. परंतु तो लुटीचा दाखला आहे, आणि माझ्यासारख्याच्या वाट्याला येणारे कागद निराळे असतात. केनियात किंवा नायजेरियात नोकरी केलेला एखादा अधिकारी वारतो, नातवंडे घर रिकामे करतात आणि माळ्यावरची ट्रंक स्थानिक लिलावात जाते. त्या ट्रंकेला संग्राहक मिळाला नाही तर काय होते, हे आपणही पाहिले असेल. पाकिटांवरची तिकिटे सुटी विकली जातात, नकाशे कापून चौकटीत बसवले जातात, छायाचित्रांचे अल्बम फोडले जातात, कारण सुट्या चित्रांचे पैसे जास्त येतात. आणि ज्याला गिऱ्हाईक नाही ती पत्रे रद्दीत जातात. पुरावा नाही म्हणून सज्जन माणसाने हात आखडता घेतला, तर कागद आफ्रिकेत परत जात नाही. तो फक्त कमी सज्जन माणसाकडे जातो.

शिवाय सार्वजनिक दफ्तरखान्यांवर इतका विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? आपल्याला अडचणीचे ठरतील असे कागद स्वतंत्र होणाऱ्या देशांच्या हाती पडू नयेत, अशी सूचना १९६१ साली ब्रिटिश वसाहतखात्यानेच दिली होती. जे जाळता येणार नाहीत ते वजन बांधलेल्या पेट्यांत घालून किनाऱ्यापासून दूर, खोल आणि प्रवाह नसलेल्या पाण्यात बुडवावेत, इथपर्यंत तपशील ठरलेला होता. जे वाचले ते इंग्लंडमध्ये हॅन्स्लोप पार्क येथील सरकारी आवारात दडवून ठेवले गेले. ३७ वसाहतींमधल्या सुमारे ८,८०० फायली तेथे असल्याचे २०११ मध्ये उघड झाले. त्यांतली केनियाची खोकीच तीनशेच्या घरात होती. ही सरकारी जपणूक! सरकार जाळत होते, तेव्हा तोच इतिहास निवृत्त अधिकाऱ्यांच्या ट्रंकांत सुखरूप होता. आणि जिथे हेतू चांगला असतो तिथे नशीब आडवे येते: १८ एप्रिल २०२१ रोजी केपटाउन विद्यापीठातील जॅगर ग्रंथालयाला आग लागून आफ्रिकाविषयक छापील संग्रहाचा फार मोठा भाग नष्ट झाला. सगळे एका छपराखाली ठेवावे, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या दिवसाची छायाचित्रे पाहावीत.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून दफ्तरे गोळा केली नसती तर मराठ्यांच्या इतिहासाची निम्मी साधने वाळवीने खाल्ली असती. तेही एका अर्थी खाजगी संग्राहकच होते.

दफ्तरदार

राजवाड्यांचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले. त्यांनी गोळा केलेली साधने खंडच्या खंड छापून लोकांपुढे ठेवली आणि १९१० साली पुण्यात मंडळ स्थापन केले, जेणेकरून दुसऱ्यालाही ते कागद वाचता यावेत. लिलावातून आलेले पत्र आम्लरहित पाकिटात घालून कपाटाला कुलूप लावणारा संग्राहक त्यांच्या पंक्तीला बसत नाही.

हॅन्स्लोप पार्कबद्दल म्हणाल, तर त्या फायली बाहेर आल्या कशामुळे हेही पाहायला हवे. केनियातील ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माउ माउ लढ्याच्या काळात छळ सोसलेल्या वृद्ध केनियन लोकांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला, सरकारकडे असलेले कागद मागितले गेले आणि फायली असल्याचे कबूल करावे लागले. पुढे २०१३ मध्ये ५,२२८ जणांसाठी जवळपास २ कोटी पौंडांची तडजोड झाली. तेच कागद पंचवीस संग्राहकांच्या घरी विखुरलेले असते, तर ते अस्तित्वात आहेत याची खबरही वकिलांना लागली नसती. लपवणाऱ्या सरकारवर निदान दावा लावता येतो.

शरणपूरचा रहिवासी

दोघांच्याही बोलण्यात कागद लिहिणारा गोरा अधिकारी आहे आणि कागदाचा मालक कोणते तरी सरकार आहे, असे गृहीत धरलेले दिसते. आमच्या नाशिकचे एक उदाहरण या मांडणीत बसत नाही. जेकब वेनराइट हा मूळचा याओ जमातीचा मुलगा. गुलामांच्या जहाजावरून सुटका झाल्यावर तो नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात शिकला आणि पुढे लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७३ मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, साथीदारांबरोबर मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा दिला. त्या वाटचालीची त्याने इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी आज स्कॉटलंडमध्ये ब्लँटायर येथे, लिव्हिंग्स्टनच्या जन्मस्थानी असलेल्या संग्रहालयात आहे. (शरणपूर रोड नाशकात सर्वांना ठाऊक आहे, वेनराइट कोणाला, हे विचारू नये.)

आता ही वही नेमकी कोठे परत करायची? ती लिहिली गेली तो मुलूख आज झांबिया आणि टांझानियात आहे, याओंची भूमी मलावी, मोझांबिक व टांझानियात विभागलेली आहे, आणि लिहिणाऱ्याचे शिक्षण महाराष्ट्रातले आहे. मला त्या वहीच्या मालकीपेक्षा तिची चित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात ही गोष्ट मोठी वाटते. लिव्हिंग्स्टनच्या १८७१ च्या रोजनिशीचेही तसेच. कागद संपल्यामुळे त्याने ती जुन्या वर्तमानपत्रावर, रानफळांच्या शाईने लिहिली होती. शाई इतकी उडाली की डोळ्यांना मजकूर लागेना. वेगवेगळ्या प्रकाशलहरींत चित्रे घेऊन तो २०११ मध्ये वाचला गेला, तेव्हा कांगोतील न्यांग्वे गावच्या बाजारातील कत्तलीची हकीकत त्याने पुढे स्वतःच उतरवून काढताना बदललेली आहे, आणि स्वतःच्या माणसांच्या वर्तनाबद्दलचा मजकूर सौम्य केला आहे, असे दिसून आले. छापील आवृत्ती पुरेशी आहे असे मानणाऱ्यांसाठी ही सूचना समजावी.

पणजीकर

परत करण्याच्या भाषेला मर्यादा असावी असे मलाही वाटते. १७५२ पर्यंत मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार गोव्यातून चाले. १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतु याच्या हाती सोपवलेल्या गोव्याच्या दफ्तरखान्यात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार आजही आहे. उद्या मोझांबिकची राजधानी मापुतोने तो मागितला तर पणजीने द्यावा, असे इथे कोणी म्हणेल काय?

दुसरे असे, की खाजगी संग्राहकाची बाजू मांडताना कागदवेडा यांनी सर्वांत मोठे नाव घेतलेच नाही. जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोव्याचे आणि आई मसाई. ते १९६६ मध्ये काही महिने केनियाचे उपराष्ट्रपती होते. आफ्रिकेविषयीची दुर्मिळ पुस्तके आणि कागद त्यांनी आयुष्यभर जमवले, आणि परदेशातून मागणी असतानाही १९७० च्या दशकात तो संग्रह केनियाच्या सरकारला दिला. १९०० पूर्वीची सुमारे ८,००० पुस्तके आज नैरोबीच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. एकट्या माणसाच्या हौसेतून हे झाले.

कागदवेडा

पणजीकरांचा आभारी आहे, आणि त्यातूनच माझा प्रश्न निघतो. मुरुंबी ज्या बाजारातून घेत होते तोच बाजार माझाही आहे. प्रत्येक पुस्तक आणि कागद आफ्रिकेतून कसा बाहेर पडला याचा पुरावा त्यांनी मागितला असता, तर नैरोबीतली कपाटे बरीच मोकळी राहिली असती. मक्दलाहून आलेल्या काही वस्तू आणि एक धर्मपुस्तक २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात लिलावाला निघाले होते. इथिओपियाच्या दूतावासाने हरकत घेतल्यावर ते मागे घेतले गेले, आणि शेवटी ब्रिटनमधील एका धर्मादाय संस्थेने विकत घेऊनच ते परत केले. दफ्तरदारसाहेब, आपला नियम पाळायचा तर त्या संस्थेनेही हात आखडता घ्यायला हवा होता.

दफ्तरदार

मुरुंबी आणि ती संस्था यांच्या खरेदीचा शेवट सार्वजनिक जागी झाला, आणि तो तसा व्हावा याच हेतूने ती झाली. माझा आक्षेप कपाटापाशी थांबणाऱ्या खरेदीवर आहे. पणजीच्या प्रश्नाचे उत्तरही देतो. गोव्याच्या कचेरीने स्वतःच्या कामात तयार केलेले कागद त्या कचेरीचेच; मात्र त्यांच्या प्रती मापुतोला मागताक्षणी मिळायला हव्यात.

अधिकाऱ्याच्या ट्रंकेतही हाच भेद करता येतो. त्याने आईला लिहिलेले पत्र त्याच्या कुटुंबाचे आहे, ते विकण्याचा हक्क नातवंडांना आहे आणि घेण्यात मला काही गैर दिसत नाही. पण दौऱ्याची रोजनिशी, तंट्यांच्या निवाड्यांची वही, करवसुलीचा तक्ता हे कचेरीचे कागद होते आणि ते घरी नेण्याचा अधिकार त्यालाही नव्हता. ओळखणे फारसे कठीण नाही: फाईल क्रमांक, कचेरीचा शिक्का, दोरी ओवण्याची भोके, समासातली दुसऱ्या हस्ताक्षरातली टिपणी. अशा खुणा दिसल्या की बोली लावण्याआधी त्या देशाच्या दफ्तरखान्याला कळवावे.

कागदवेडा

भेद मान्य आहे. त्यातून निघणारे कर्तव्य पूर्णपणे मान्य नाही. माझ्याकडे आजच्या केनियातून गेलेल्या युगांडा रेल्वेच्या बांधकामावरील एका मोजणीदाराने १८९८ मध्ये घरी लिहिलेली पत्रे आहेत आणि त्याच गठ्ठ्यात हिंदुस्थानी मजुरांच्या हजेरीपटाची चार पाने निघाली. आपल्या कसोटीने पत्रे माझी आणि हजेरीपट नैरोबीचा. परंतु त्या पानांवरची नावे बहुतांश पंजाबातली आहेत, आणि ती शोधणारे वंशज आज पंजाबात, लाहोरात किंवा लंडनमध्ये असण्याचा संभव अधिक. मी चारही पानांची चित्रे काढून कोणालाही पाहता येतील अशी ठेवीन, नैरोबीलाही पाठवीन. मूळ पाने मात्र पत्रांपासून वेगळी करणार नाही, कारण ती कोणाच्या हातून आली हे सांगणारा एकमेव पुरावा तो गठ्ठाच आहे.

दफ्तरदार

गठ्ठा फोडू नये हे मलाही पटते. तसे असेल तर पत्रांसकट संपूर्ण गठ्ठा नैरोबीला द्यावा, असे मी म्हणेन. आपण तो देणार नाही, हेही मला ठाऊक आहे. चित्रे पाठवताना पानांच्या मागच्या बाजूही घ्याव्यात, शिक्के बहुधा तिथेच असतात.