'अंडरडॉग'ला आपल्याइकडे काय म्हणाचं?

आर्वीकडून

राजेहो, एक शब्द पाहिजे. मी फुटबॉलचा शौकीन माणूस, अन त्यातही मोठ्या टीमचा नाही, जिच्यावर कोणी दहा रुपये लावणार नाही अशी टीम दिसली की माझा जीव तिच्यातच अडकते. सेनेगल, आइसलँड, ग्रीस, आपली मिझोरामची आयझॉल, सगळ्यांसाठी रात्री जागलो आहे. आता गावात कोणी विचारलं का तू कोणाच्या बाजूनं, तर तोंडातून अंडरडॉग निघते आणि समोरच्याला वाटते मी कुत्र्याबद्दल बोलून राहिलो. तसा तो शब्द कुत्र्यांच्या झुंजीतलाच आहे, एकोणिसाव्या शतकातला, झुंजीत जो खाली दबला तो अंडरडॉग. पण मराठीत काय म्हणाचं? पेपरवाले 'दुबळा संघ' लिहितात ते मला अजिबात पटत नाही. दुबळ्याची कीव येते, अन मला त्या टीमची कीव येत नाही, मला ती जिंकायला पाहिजे असते.

दारव्ह्याहून

भाऊ, लिंबूटिंबू आहे ना. क्रिकेटवाले किती वर्षांपासून वापरून राहिले, लिंबूटिंबू संघानं धक्का दिला वगैरे. काही ठिकाणी कच्चा लिंबूही म्हणतात. सोपा शब्द, पोट्ट्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना समजते.

आर्वीकडून

समजते, हे मान्य, पण दादा लिंबूटिंबू म्हणजे कोण ते आठवा. मोठ्या पोरांच्या खेळात धाकट्या भावाला रडू नये म्हणून घ्यायचं, तो पळते, ओरडते, पण आउट झाला तरी आउट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही (आमच्याइकडे दाम म्हणतात). म्हणजे त्याचं काहीच मोजत नाहीत, हारणंही नाही आणि जिंकणंही नाही. 22 नोव्हेंबर 2022 ला सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 नं हरवलं. मेस्सीनं आधी पेनल्टीवर गोल केला, मग दुसऱ्या हाफमध्ये सौदीनं पाच मिनिटांच्या आत दोन मारले, दुसरा सालेम अल दौसरीचा, दोघातिघांना चकवून पेटीच्या (पेनल्टी बॉक्सच्या) कोपऱ्यातून असा वळवला का गोलकीपरचा हात लागूनही आत गेला. अर्जेंटिना त्याच्याआधी 36 मॅच हारलेली नव्हती आणि पुढे वर्ल्डकपही तिनंच जिंकला. त्या हारीचा हिशोब झालाच ना! मग सौदीला लिंबूटिंबू कसं म्हणाचं?

ती मॅच आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू झाली होती, वेचणीचे दिवस. मी धुऱ्यावर मोबाईल बाभळीच्या बुडाशी टेकवून पाहत होतो, दुसरा गोल झाला तेव्हा ओरडलो तर पराटीतून एक काकू ओट्यात कापूस घेऊन उभी राहिली, म्हणे काय झालं रे बाप्पा. सांगितलं, हारणारे जिंकून राहिले. तर ते म्हणे, "आपलं कोनी हाय का त्याइच्यात?" मी नाही म्हटलं. "मंग तुले काहून एवढा आनंद?" आता ह्या प्रश्नाचं उत्तर ज्या शब्दात आहे तो शब्द मला पाहिजे.

मोर्शीहून

छुपा रुस्तम चालेल का? लेस्टर सिटी डोळ्यासमोर ठेवून म्हणतो. 2015-16 ची इंग्लंडची प्रीमियर लीग, सट्टेवाल्यांनी सुरुवातीला एकास पाच हजार भाव दिला होता, आदल्या सीझनला ख्रिसमसला टीम तळाशी होती, कशीबशी वाचली. जेमी वार्डी आधी फॅक्टरीत काम करून खालच्या लीगमध्ये खेळायचा, महरेझ फ्रान्सच्या सेकंड डिव्हिजनमधून आणलेला, कांतेचं नाव इंग्लंडात कोणाला माहीत नव्हतं. रानिएरी कोच. 81 पॉइंट घेऊन चॅम्पियन. हे सगळे छुपे रुस्तमच होते ना.

आर्वीकडून

ते तीन प्लेयर छुपे रुस्तम, शंभर टक्के. पण टीमला म्हणता येत नाही असं मला वाटते. रुस्तम हा मुळात ताकदीचाच असते, फक्त लपलेला, शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) कोणाची जोडी आतापर्यंत गोठ्यातच होती आणि एकदम पटावर उतरवली तसं. अंडरडॉग लपलेला नसते, त्याचं कमी असणं सगळ्यांना दिसून राहिलेलं असते, तरी तो येते. ग्रीस 2004 घ्या. युरो कपच्या पहिल्याच मॅचमध्ये पोर्तुगालला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं, तेव्हाच लपलेलं काही उरलं नव्हतं, तरी फायनलपर्यंत कोणी त्यांना फेवरिट म्हटलं नाही. फायनलमध्ये पुन्हा पोर्तुगाल, पुन्हा त्यांच्याच घरी, 57 व्या मिनिटाला खारिस्तियासचं हेडर, 1-0.

लाखांदूरहून

शाळेत मराठी शिकवते म्हणून एक निरीक्षण सांगते. तुम्ही नाम शोधून राहिले, पण मराठीत या बाबतीत क्रियापदं भरपूर आहेत. धूळ चारली, पाणी पाजलं, घाम फोडला, नाकी नऊ आणले, लोळवलं, तोंडचं पाणी पळवलं. लहानानं मोठ्याचं काय केलं ते सांगायला आपली भाषा कधी अडत नाही. आणि म्हणी मात्र मोठ्याच्याच बाजूच्या, उगवत्या सूर्याला नमस्कार, बुडत्याचा पाय खोलात. बुडत्याच्या बाजूनं उभं राहणाऱ्यासाठी एकच चांगला शब्द मला आठवते, पाठीराखा. भावाला म्हणतो आपण बहिणीचा पाठीराखा. फॅनपेक्षा तो मला जास्त जवळचा वाटते, कारण जिंकणाऱ्याला पाठीराख्याची फारशी गरजच नसते.

तळेगाव दशासरकडून

आखाड्यातला शब्द सांगतो, खालचा. आमदंगलीत एक पैलवान वर बसते, दुसरा मातीत पालथा, पण पाठीला माती लागल्याशिवाय कुस्ती होत नाही. तोपर्यंत तो खालचा आहे, हारलेला नाही. लोकं ओरडतात ते बहुतेक वेळा खालच्यासाठीच. इंग्रजीत जर झुंजीत खाली दबलेला असा अर्थ असन तर हा तंतोतंत तोच झाला.

लाखांदूरहून

दादा, अर्थ बरोबर बसते पण गावात 'खालचा' कोण कोणाला कशासाठी म्हणते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. खालची वस्ती, खालचे लोक. नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळवलं, फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहून सुरुवात झाली त्या कामाची, आणि पुढे तिथली पोरं देशाबाहेर खेळून आली. त्यांच्या टीमला मी कौतुकानंही खालची टीम म्हणणार नाही. तो शब्द त्यांनी जन्मभर ऐकलेला असते.

तळेगाव दशासरकडून

ताई बरोबर आहे तुमचं, हा अर्थ टाळताच येत नाही. मग नाम सोडून देऊ. आखाड्यात आम्ही म्हणतो 'खालून निघाला'. वरच्यानं दाबून धरलं होतं आणि हा सटकला, पलटी मारून उभा झाला. यात माणसाला खालचा म्हणणं होत नाही, त्यानं काय केलं ते सांगणं होते.

आर्वीकडून

हे आवडलं, लई आवडलं. ताईंनी म्हटलं तसं क्रियापदच निघालं शेवटी. लावून पाहतो. मोरोक्को, 2022 चा वर्ल्डकप, स्पेनविरुद्ध. स्पेननं हजारावर पास दिले, बॉल पूर्ण वेळ त्यांच्याकडे, मोरोक्कोवाले आपल्या पेटीसमोर दाबलेले, 120 मिनिटं 0-0, मग पेनल्टीत स्पेनची एकही आत गेली नाही, दोन तर मोरोक्कोचा गोलकीपर बूनोनं अडवल्या, आणि हकीमीनं शेवटची हलकेच मधून टाकली. मोरोक्को खालून निघाली. एकदम बसते! पुढे पोर्तुगाललाही हरवून सेमीफायनलला गेलेली आफ्रिकेची पहिली टीम.

आयझॉललाही बसते. 2015-16 ला आय लीगमधून (आपल्या देशातल्या फुटबॉल लीगमधून) खाली गेलेली, गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून परत घेतलेली, आणि खालिद जमीलच्या हाताखाली 2016-17 ची चॅम्पियन.

लेस्टरला थोडं कमी बसते, कारण ते सीझनभर वरच होते, दबलेले दिसलेच नाहीत. अन आपल्या विदर्भाच्या रणजी टीमचं काय करायचं? 2017-18 ला फैज फजलच्या टीमनं इंदूरला दिल्लीला हरवलं तेव्हा खालून निघाली म्हणता आलं असतं, पण त्याच्यानंतर पुढच्या वर्षी पुन्हा आणि मग 2024-25 ला तिसऱ्यांदा जिंकली, आता तिच्यासाठी हा शब्द वापरणं मला बरोबर वाटत नाही, माया कितीही असली तरी.

जी टीम अजून निघालेली नाही, मॅच सुरू व्हायची आहे, तिच्यासाठी मात्र अडतेच. 'ही खालून निघणारी टीम आहे' म्हटलं तर आधीच निकाल सांगितल्यासारखं होते. तिथं कोणाला काही सुचत असन तर सांगा, तोपर्यंत मी ताईंचा शब्द घेऊन 'मी यांचा पाठीराखा' एवढंच लिहीत जातो.