‘एका’ पेगाचं माप
‘रोज एक पेग हृदयाला चांगला’ असं कोणीतरी लिहिलेलं वाचलं. आमचे इंदूरचे काका हेच वीस वर्षं ऐकवतायत. काकांचा पेग मात्र स्टीलच्या पेल्यात, बोटांनी मोजलेला. एकदा मापाने ओतून पाहिला, तर ९० मिली भरला! ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे त्या ‘एका’त ३०. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे ६ लाख पिणाऱ्यांचा अभ्यास आला होता. आठवड्याला १०० ग्रॅमच्या पुढे आयुष्य घटताना दिसलं. काका सोमवारी सुरुवात करून गुरुवारीच ती रेघ ओलांडतात.

हार्ट अटॅक त्या अभ्यासात किंचित कमी दिसले, हे खरं. पण पक्षाघाताचा धोका पिण्यासोबत वाढतच गेला. जुन्या अभ्यासांत तर आजारपणामुळे सोडलेलेही ‘न पिणारे’ म्हणून मोजले जायचे, मग पिणारे धट्टेकट्टे दिसणारच की! शिवाय दारूने रक्तदाब चढतो. लग्नाघरी एकाच रात्री भरपूर झाली की ठोके बिघडून हृदयात गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघाताचा झटका. (सोबतच्या शेवेतल्या मिठाबद्दल बोलतच नाही.)

काकांना आता बीपीची गोळी आहे. मी मापाचा पेला आणून दिला, त्यात ते बडीशेप ठेवतात.